पराते बाईंची लाल गाठ

सन २०१८ होतं आणि मी सहासष्ट वर्षांचा होतो. त्या वयापर्यंत मला 'थांबा' म्हणणारं माणूस भेटलं नव्हतं. भेटलं असेल तर मी त्याचं ऐकलं नव्हतं. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात पराते सिस्टर भेटल्या, त्या तर आधी काही बोलल्याच नाहीत. अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आत पाहिलं, माझा रक्त-तपासणीचा कागद वाचला, आणि टेबलावरची माझी फाइल उचलून तिला लाल धागा बांधला. दोन वेढे, एक गाठ.

"हे काय होय?" मी विचारलं.

"थांबा म्हणते हा धागा," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

मला राग आला. मी मोहाडीच्या अलीकडच्या गावचा, तलावात मासोळी धरणारा माणूस. तिसरी शिकलो, पण आमच्या जाळ्याचा तीस वर्षं म्होरक्या मीच. जाळं कुठं टाकायचं, कधी ओढायचं, कोण पाण्यात उतरेल, कोण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, राहील, हे मी सांगणार आणि बाकीचे ऐकणार. आणि उजवा खुबा असा झिजला होता की डोंग्यात पाय टाकायचा तर दोन माणसं लागत. नागपूरहून दर शनिवारी हाडाचे डॉक्टर यायचे. त्यांनी फोटो पाहून सांगितलं, खुबा बदलावा लागेल, बदलला की पुन्हा डोंग्यात बसाल. पंधरा दिवसांनंतरची तारीखही दिली. मी ती तारीख गावभर सांगून बसलो होतो. आणि ही बाई धागा बांधून मोकळी झाली.

कागदावर रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सात पॉइंट आठ होतं.

माझ्या दोन्ही पोरांनी तिथल्या तिथं बाह्या वर केल्या. एकेक बाटली देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. दुसऱ्याचं रक्त अंगात घेऊन मला चालायचं नव्हतं, मग ते पोराचं का असेना. सगळ्यांना वाटलं, आता बाई मला समजावतील. बाईंनी समजावलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं. मग तुमचंच वाढवू. पण तुमच्या तारखेनं नाही, माझ्या."

तिथून आमचं सुरू झालं.

पराते बाई मोहाडीच्या. विणकराच्या घरच्या. उंच, हडकुळ्या, केस कानावर पांढरे झालेले आणि चालण्यात अशी घाई की चपलेचा आवाज आधी यायचा आणि बाई मागून. त्यांचे वडील शेवटपर्यंत मागावर बसत. लुगड्याच्या काठाचे उरलेले लाल धागे बाईंच्या घरात डबाभर होते, तेच त्या खिशात घालून दवाखान्यात आणायच्या. ज्याचं रक्त कमी त्याच्या फाइलीला लाल गाठ. ती गाठ बाईंनी स्वतः सोडेपर्यंत फाइल ऑपरेशनच्या खोलीत जायची नाही. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण शनिवारचे डॉक्टर, चांगले तरणे आणि नाकावर राग असलेले, तेही त्या गाठीला हात लावत नसत.

एकदा हे मी डोळ्यानं पाहिलं. सिहोऱ्याकडचा एक वजनदार माणूस आईला घेऊन आला होता. आईचा गुडघा बदलायचा होता, घरी लग्न निघालं होतं आणि लग्नाआधी म्हातारी उभी राहायला पाहिजे होती. बाईंनी तिच्याही फाइलीला धागा बांधला. तो माणूस इतक्या जोरात बोलायला लागला की बाकड्यावरचे आम्ही सगळे वळून पाहायला लागलो. शेवटी त्यानं विचारलं, "तुमी डॉक्टर आहा का?"

बाई म्हणाल्या, "नाही ना. म्हणून मले एकच काम येते. डॉक्टरले दहा येतात, त्यात हे एखाद्या वेळी राहून जाते."

मग तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, सिस्टरनं गाठ सोडली की या. पुढे म्हातारीच्या रक्तात सिकलसेलच्या आजाराचा अंश निघाला. आमच्या भागात तो पुष्कळांच्या अंगात असतो आणि माहीत नसतो. तिच्या ऑपरेशनची तयारीच वेगळी करावी लागली. ते झाल्यावर तो माणूस बाईंसाठी पेढे घेऊन आला. बाईंनी एक उचलला, अर्धा मला दिला आणि त्याला म्हणाल्या, "डोळा दाखवा तुमचा."

डोळा पाहणं ही बाईंची खोडच होती. ड्यूटीवर असोत, नसोत. पेशंटला सोडायला आलेला ऑटोवाला, झाडूवाली, फाटकासमोर हातगाडीवर लिंबं विकणारा, कोणीही समोर आलं की बाईंचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली. लिंबवाला तर त्यांना पाहून आपणहून मान मागे टाकायचा. आत लाल दिसलं की बाई मान हलवायच्या, बस, काही बोलायच्या नाहीत. फिकं दिसलं की तिथंच उभ्या राहून विचारपूस सुरू. जेवता काय, चहा कधी पिता, पाळी कशी जाते, पोटात जंत झाले होते का. रस्त्यावर विचारायच्या. माणसं लाजायची, बाई लाजायच्या नाहीत.

मला त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. त्यानंतर दोन तास चहा नाही. मी पाळीवर पहाटे काळा चहा पिणारा माणूस. मी म्हटलं, गोळी घेतो, चहा सोडत नाही. बाईंनी माझ्याशी वाद घातला नाही, माझ्या बायकोला बाजूला नेलं. दुसऱ्या दिवसापासून कौसल्येनं चहाची पत्ती कुठं लपवली ते आजही मला माहीत नाही. तरोट्याची भाजी, हरभऱ्याची भाजी, गूळ-फल्लीदाणे, सारखं ताटात. मासोळी तर घरचीच. शौचाला काळं होईल, घाबरू नका, ती गोळी होय, हेही बाईंनी सांगून ठेवलं होतं. मला काळं आधीपासूनच होत होतं. पण बाईमाणसापुढे असली गोष्ट कोण काढते?

महिन्यानं रक्त तपासलं. आठ पॉइंट शून्य.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "गोळी थुकता का तुमी?"

मला हे फार लागलं. मी म्हटलं, मी खोटं बोलणारा माणूस नाही. कौसल्येनं स्वतःच्या हातानं गोळी दिल्याची शपथ घेतली. बाईंनी तिचं ऐकलं आणि हळूच म्हणाल्या, "मग भरून तर राहिलो आपण. जाते कुठं?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट विचारली होती. दुखण्याची गोळी खाता का? मी नाही म्हटलं होतं. त्या दिवशी पुन्हा विचारली. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि वर सांगितलं की जन्मात कधी गोळ्या खाऊन काम केलं नाही. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, पण फाइलीत काही लिहिलं नाही.

पुढच्या रविवारी पहाटे, पूस महिन्याच्या थंडीत, आमच्या तलावाच्या पाळीवर एक स्कूटी येऊन थांबली. स्वेटरवर शाल, डोक्याला मफलर. बाई आधी ओळखूच आल्या नाहीत. मासोळी पाहिजे म्हणाल्या. आमच्यातल्या एकानं ताजी रोहू काढून दिली, तर बाईंनी ती शेपटीला दोन बोटांत धरून अंगापासून अशी लांब ठेवली की माणसं हसायला लागली. पराते बाई मासोळी खात नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा विकत घेत होत्या. मी पाळीवर कोट अंगात घालून बसलो होतो. खुब्यानं पाण्यात उतरणं बंद झालं होतं, पण म्होरकेपण माझ्याकडेच होतं.

आमच्याकडे जाळं ओढायला उतरायच्या आधी तुंबा फिरतो. तुंबा म्हणजे वाळवलेला भोपळा. जाळ्याला तरंगायला बांधतात तसाच, पण हा एक म्होरक्याजवळ राहतो. तोंडाला बूच, आत तंबाखू आणि चुन्याची डबी, म्हणजे ओली होत नाही. माझ्या बापाच्या वेळी त्यात तंबाखूच होती. गोळी मी आणली. मोहाडीच्या बाजारात सुटी मिळायची, खाल्ली की अंग ठणकत नाही, पाणी थंड लागत नाही. दुसऱ्या गावची जाळी ऊन पडायच्या आत बाहेर निघत, आमचं जाळं दुपारपर्यंत पाण्यात राही. याचा मला गर्व होता. आजूबाजूच्या तलावांवर लोक सांगत, त्या जाळ्याची माणसं लोखंडाची आहेत.

त्या पहाटेही मी बूच काढलं. पाच माणसं ओळीनं आली, पाच हात पुढे झाले. प्रत्येकाला चिमूटभर तंबाखू आणि एक गोळी. शेवटी माझी.

"बाबाजी," बाई म्हणाल्या. मासोळी त्यांच्या हातात अजून लटकत होती. "हे काय वाटून राहिले?"

"तंबाखू."

"अन् ते पांढरं?"

"ते कामाची गोळी होय."

बाईंनी मासोळी गवतावर ठेवली. तुंबा माझ्या हातून घेतला, कानाशी धरून हलवला. वाजला. मग तळहातावर दोन गोळ्या घेऊन उजेडात पाहिल्या.

"मी तुमाले दोनदा विचारलं होतं. दुखण्याची गोळी खाता का म्हणून."

"दुखण्याची नाई खात," मी म्हटलं. "दुखते म्हणून खाल्ली तर ते औषध झालं. हे तं कामाची होय."

आज लिहिताना हे वेडेपणाचं वाटते. पण त्या वेळी मी खोटं बोलत नव्हतो. आमच्यात कोणीच त्याला औषध म्हणत नव्हतं. तंबाखू औषध आहे का? तसंच.

बाई रागावल्या नाहीत. माझ्याजवळ दगडावर बसल्या. रोज किती, विचारलं. मी सांगितलं, आधी एक, खुबा धरल्यापासून तीन, कधी चार. किती वर्षं? दहा-बारा. मग आवाज खाली करून त्यांनी विचारलं, लोहाची गोळी सुरू व्हायच्या आधी शौचाला कसं होत होतं. मी तलावाकडे पाहून सांगितलं, कोळशासारखं. बाई उठल्या आणि शाल झटकली.

"तुमच्या जठरात जखम असेल. तिथून थेंब थेंब जाऊन राहिलं. मी वरून भरून राहिली अन् तुमी खालून सांडून राहिले."

मग त्यांनी पाण्यातल्या माणसांनाही हाक मारून सांगितलं, ही गोळी बंद करा, पोटात रक्त सांडते. माणसं पाण्यात उभी राहून हसली. माझा चुलतभाऊ महादू सगळ्यात जोरात हसला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, जाळ्यावर सगळ्यात मजबूत हात त्याचा. बाईंनी त्याला बाहेर बोलावून डोळा पाहिला. दम लागते का विचारलं. तो म्हणाला, लागते थोडासा, आता काय तरणा राहिलो का बाई. बाईंनी मला एवढंच सांगितलं, "ह्या माणसाले माझ्याकडे आणा. अन् गोळीचं तुमी सांगा. माझं ते ऐकणार नाहीत."

मी मान हलवली. पण ज्या गोळीनं यांना लोखंडाचं केलं म्हणून मी मिरवलो, तिनं मला पोखरलं, हे पाच माणसांपुढे म्होरक्यानं कसं सांगावं? मी माझी गोळी बंद केली. तुंबा महादूच्या हाती दिला, की आता तू सांभाळ. गावात सांगितलं, रक्त वयानं कमी झालं होतं.

बाईंचं म्हणणं खरं निघालं. दुर्बीण घातली तर जठरात जखम. तिचं औषध सुरू झालं. दुखण्याकरता दुसरी, पोटाला न लागणारी गोळी मिळाली, आणि लोहाचं औषध या वेळी शिरेतून दिलं. मोठ्या बाटलीत, गढूळ चहाच्या रंगाचं. बाई म्हणाल्या, "घ्या, चहा सोडायला लावला म्हणून रडत होते ना." दोन वेळा दिलं. पहिल्या वेळी त्या सबंध वेळ जवळ बसून राहिल्या, अंगाला खाज येते का, छाती भरून येते का, विचारत. मध्ये फाइलीच्या धाग्याशी त्यांची बोटं चाळा करत होती. मी म्हटलं, सोडता का काय? त्या म्हणाल्या, "बाबा मागावर बसले की तुटका धागा तसाच पुढे जाऊ देत नसत. लोक म्हणत, कोणाले दिसते? ते म्हणत, मले दिसला ना."

मला घाई होती. रोज सकाळी पाळीवर बसून दुसऱ्यांना डोंग्यात चढताना पाहणं सोपं नसते. शनिवारच्या डॉक्टरांना एकदा मी परस्पर भेटलो, म्हटलं, दहा झालं ना रक्त, करून टाका. डॉक्टर हसले आणि बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "घाई तुमाले आहे बाबाजी, खुब्याले नाही. तो पुढच्या महिन्यातही इतकाच झिजलेला राहील. पण कापताना रक्त जाते, आणि तुमाले दुसऱ्याचं नको. मग तुमच्याजवळच जास्तीचं पाहिजे का नको?" माझंच बोलणं माझ्या गळ्यात घातलं. मी परत घरी आलो.

फाल्गुनात रक्त बारा पॉइंट दोन भरलं. बाईंनी कागद वाचला, पापणी ओढून पाहिली, कागदावर विश्वास नसल्यासारखं, आणि गाठ सोडली. धागा गुंडाळून खिशात टाकला. तोच दुसऱ्या कोणाच्या फाइलीला लागणार होता. ऑपरेशन झालं, एक बाटली लागली नाही. शुद्धीवर आलो तर बाई पायाशी उभ्या होत्या. दहा पॉइंट एक आहे, म्हणाल्या, सगळं तुमचंच. मी तेव्हा रडलो नाही. डोळ्यात औषधानं पाणी आलं होतं.

टाके काढायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, महादूला आणलं का. मी म्हटलं, आणतो. दीड महिन्यानं पाय दाखवायला गेलो. त्या महिन्याअखेर बाई रिटायर होऊन पोरीकडे जाणार होत्या, दूर कुठं. त्यांच्या टेबलावरचा धाग्यांचा डबा नवीन सिस्टरच्या हाती गेला होता. मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. पुढे चाला म्हणाल्या, मला मागून पाहू द्या. मी काठी टेकत ताठ चाललो. मुद्दाम जरा जास्तच ताठ.

"पाय चांगला पडते," मागून आवाज आला. "महादूले आणलं?"

"आणतो ना बाई."

"हे तुमी दुसऱ्यांदा म्हणून राहिले."

मी थांबलो, पण वळलो नाही. त्या पुढे येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"रक्तासाठी तुमी कोणापुढे हात केला नाही. ठीक आहे, तुमचा स्वभाव. पण त्याचा हात रोज तुमच्यापुढे येत होता बाबाजी. अन् तुमी त्यात काय ठेवत होते?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पराते बाई कधीच पाहत नसत, विचारलं की काम झालं. त्या रस्ता ओलांडून लिंबाच्या हातगाडीकडे गेल्या. मी बसमध्ये चढलो, खिडकीजवळ बसलो. बस निघाली तेव्हा लिंबवाल्यानं मान मागे टाकली होती, बाईंचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली होता आणि दुपारच्या उन्हात त्या डोळे बारीक करून आत पाहत होत्या. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन पाळीवर गेलो. माणसं उतरायच्या तयारीत होती, तुंबा महादूच्या हातात होता. मी तो मागितला. त्यानं दिला. म्होरक्यानं मागितल्यावर कोण नाही म्हणते? मी बूच काढलं, सगळं माझ्या गमछ्यावर ओतलं, तंबाखू वेगळी केली, गोळ्यांची पुरचुंडी बांधून खिशात घातली. मग म्हटलं, माझं रक्त वयानं कमी झालं नव्हतं. ह्या गोळीनं झालं होतं. मीच आणली होती, मीच वाटली. चार महिन्यांपासून मले माहीत होतं अन् मी सांगतलं नाई.

कोणी हसलं नाही. पाण्यात एक बगळा उभा होता, तेवढाच हालला.

महादूला मी जवळ बोलावलं, तोंड उन्हाकडे कर म्हटलं, आणि अंगठ्यानं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत बगळ्याच्या पिसासारखं पांढरं होतं. मी त्याला म्हटलं, जाळं राहू दे आज, सदरा घाल. आणि भंडाऱ्याची पहिली बस आम्ही दोघांनी धरली.